मांजर आणण्याआधी डॉक्टर शोधा
(रौप्यमहोत्सवानिमित्त ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेले भाषण)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा मांजरे फक्त पार्किंगमध्ये होती. आता ती सोफ्यावर आली आहेत. काही घरांत मुलांनी हौसेने पिल्लू आणले, मुले नोकरीसाठी परगावी गेली आणि मांजर आजी-आजोबांच्या पदरात पडले. म्हणून हा विषय घेतला.

माझे म्हणणे एवढेच, की पिल्लू घरात येण्याआधी डॉक्टर ठरवा. बँकेत आम्ही कर्ज देण्याआधी कागद तपासायचो, दिल्यावर नाही. इथेही तसेच आहे.

पहिला कागद म्हणजे पदवी. जनावरांच्या डॉक्टरची पदवी बी.व्ही.एससी. अँड ए.एच. ही असते, आणि आपल्याकडे महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे नाव नोंदवलेले असावे लागते. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. चांगला डॉक्टर रागावत नाही. प्राण्यांचे खाणे विकणारा दुकानदार कितीही अनुभवी असला तरी तो डॉक्टर नव्हे.

दुसरे, मांजराशिवाय एकदा दवाखान्यात जाऊन या. आम्ही दोन ठिकाणी गेलो. पहिल्या ठिकाणी कुत्री, मांजरे सगळी एकाच बाकाजवळ, भुंकणे चाललेले, आणि डॉक्टर मान वर न करता चिठ्ठी लिहीत होते. दुसरा दवाखाना लहान होता. पण तिथे डॉक्टरांनी मांजराला पिंजऱ्यातून ओढून न काढता झाकण उघडून वाट पाहिली, आधी वजन केले, मग हात लावला. आम्ही तिथेच नाव घातले. मांजर दुखणे लपवते. त्याला शांतपणे तपासणारा माणूस हवा.

तिसरे, प्रश्न विचारा. तुमच्याकडे मांजरे किती येतात? एक्स-रे, सोनोग्राफी, रक्ततपासणी इथेच होते की बाहेर? दाखल केले तर रात्री जवळ कोण असते? नसबंदीला किती खर्च येतो? आणि सगळ्यात महत्त्वाचे, दवाखाना बंद झाल्यावर आम्ही कुठे जायचे?

या शेवटच्या प्रश्नाची किंमत सांगतो. आमचा बोका चार वर्षांचा होता. एका रात्री तो सारखा वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसायचा आणि ओरडायचा. सौ. म्हणाली, पोट साफ होत नसेल, सकाळी बघू. तरी डॉक्टरांनी दिलेल्या नंबरवर फोन केला. त्यांनी एकच विचारले, "काका, लघवीचा थेंब तरी पडतोय का?" मी ट्रे पाहिला, वाळू कोरडी. ते म्हणाले, "मग सकाळची वाट बघू नका." रात्री चालू असणाऱ्या दवाखान्याचा पत्ता आमच्याकडे आधीच लिहिलेला होता. तिथे नळी घालून लघवी मोकळी केली. तीन दिवस तो दाखल होता. बोक्याची लघवी पूर्ण तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो, हे तिथे कळले. बोका पाळणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे.

पिल्लू आल्यावर पहिल्या आठवड्यातच त्याला दाखवा. जंतांचे औषध, साधारण आठव्या आठवड्यापासून लसी, बाराव्या आठवड्यानंतर रेबीजची लस, आणि पाच-सहा महिन्यांच्या सुमारास नसबंदी, हे डॉक्टर ठरवतील. लसीचे कार्ड पासबुकासारखे जपा. आपल्या डब्यातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नका, अर्धी सुद्धा नाही. ती त्याला विष आहे. कुत्र्याचे गोचिडांचे औषधही परस्पर लावू नका. मांजराने दोन दिवस तोंडाला काही लावले नाही तर ते 'नखरे' समजू नका.

खर्च झेपत नाही म्हणून कुणी उपचार टाळू नये. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय, म्हणजे आपले जुने 'बैलघोडा हॉस्पिटल', आणि तिथलेच १८८६ साली सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याला माहीत आहेच. पण अर्ध्या रात्री परळ गाठणे सोपे नाही. म्हणून जवळचा डॉक्टर हवाच.

शेवटी कमिटीला एक विनंती. प्लंबर आणि इलेक्ट्रिशियनचे नंबर वॉचमनच्या केबिनमध्ये लावलेले आहेत. त्याखाली जवळच्या पशुवैद्याचा आणि रात्रीच्या दवाखान्याचा नंबर लावावा. मांजर न्यायचा एक पिंजराही सोसायटीच्या ऑफिसात ठेवावा. एकट्या राहणाऱ्या आजींना रात्री दोन वाजता तो शोधत बसावे लागू नये. पिंजरा मी देतो, नंबर तुम्ही लावा.