नेटची कंपनी बदलताना



मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीत बँक सखीचं काम करते. पडवीत एक टेबल, लॅपटॉप, अंगठ्याचं मशीन आणि भिंतीवर नेटचा डबा, एवढंच माझं दुकान. श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार योजनेचे पैसे काढायला वाडीतल्या म्हाताऱ्या बायका माझ्याकडे येतात. नेट चालू असलं तर दहा मिनिटांचं काम. बंद असलं तर एसटीनं तालुक्याला जायचं, म्हणजे अख्खा दिवस गेला.

गेल्या पावसाळ्यात आमचं नेट सारखं जायला लागलं. तक्रार केली की उत्तर ठरलेलं, "उद्या माणूस येईल." शेवटी मी कंपनी बदलली. बदलताना दोन चुका झाल्या. त्या तुमच्या हातून होऊ नयेत, म्हणून आज बोलते आहे.

पहिली चूक, जुनं कनेक्शन आधी बंद केलं. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. मला वाटलं, घरच्या फायबरचंही तसंच असेल. तसं नसतं. इथे नवी वायर, नवा डबा, सगळंच नवं. नव्या कंपनीचा माणूस दोन दिवसांत येतो म्हणाला आणि आला बाराव्या दिवशी. खांबावरच्या त्यांच्या पेटीत जोडायला जागाच शिल्लक नव्हती. नेमकी त्याच दिवसांत पेन्शन जमा झाली. शेजारच्या मावशी सत्तरीच्या पुढच्या. भर पावसात तालुक्याला जाऊन आल्या. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, पण मला ते फार लागलं.

म्हणून सांगते, नवं नेट घरात आठवडाभर नीट चालू दे, मगच जुन्याला रजा द्या. थोडे पैसे दोन्हीकडे जातील. जाऊ देत.

दुसरी चूक आधीचीच होती. जुनं कनेक्शन दिरांच्या नावावर. ते मुंबईला. बंद करायचा ओटीपी त्यांच्या मोबाइलवर, डिपॉझिट परत आलं ते त्यांच्या खात्यात. भावोजी चांगले, त्यांनी लगेच पाठवलं. पण काम माझं, बिल मी भरते आणि प्रत्येक वेळी विनवणी दुसऱ्याला, हे कशासाठी? नवं कनेक्शन मी माझ्या नावावर, माझ्या मोबाइल नंबरवर घेतलं. तुम्हीही तसंच करा.

आता वायर जोडण्याविषयी. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. तुमची पेटी आमच्या घरापासून किती लांब आहे? तिच्यात जागा आहे का? जोडणीचे, डब्याचे आणि डिपॉझिटचे मिळून किती रुपये, आणि त्यातले परत किती मिळणार? जाहिरातीतल्या दरावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो, तोही धरून हिशेब करा.

फायबर म्हणजे आत केसासारखी बारीक काच असते. तिच्यातून वीज नाही, प्रकाश जातो. काच म्हटलं की तिला जपायला हवं. वायर काटकोनात दुमडायची नाही, खिळा ठोकून आवळायची नाही, दारात चेपू द्यायची नाही. उरलेली वायर ताटलीएवढ्या सैल वेटोळ्यात ठेवायची. वायरचं उघडं टोक डोळ्यासमोर धरू नका, मुलांनाही धरू देऊ नका. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला घातक ठरू शकतो.

भिंतीला भोक पाडताना ते बाहेरच्या बाजूला उतरतं ठेवायला सांगा. बाहेर वायरला खाली एक झोळ सोडायला सांगा, म्हणजे पावसाचं पाणी झोळावरून ठिबकतं, घरात येत नाही. काही वायरींच्या अंगात ताणासाठी लोखंडी तार असते. त्यामुळे विजेच्या तारांपासून वायर लांबच हवी. विजेच्या खांबाला बांधू देऊ नका.

आलेल्या दादांना मीटर लावून प्रकाश किती पोचतो ते दाखवायला सांगा. आकडा उणे येतो. उणे २० चांगला, उणे २७ म्हणजे अगदी काठावर, तो पावसाळ्यात दगा देणार. आकडा वहीत लिहून ठेवा. पुढे डब्यावर लाल दिवा लागला, तर बहुतेक वेळा वायरीतच बिघाड असतो, हेही लक्षात ठेवा.

डबा शक्यतो घराच्या मधोमध, उंचावर लावा. आमच्या जांभ्या दगडाच्या जाड भिंतीतून वायफाय फारसं जात नाही. लोखंडी कपाटात तर डबा ठेवूच नका. वीज गेली की फायबर असूनही नेट जातं, म्हणून डब्यापुरता छोटा बॅटरी यूपीएस घ्या. आणि पासवर्ड त्याच दिवशी बदला.

जुना डबा परत देताना पोच घ्या आणि बंद केल्याचा मेसेज जपून ठेवा. तक्रारीचा नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. कंपनीनं दाद दिली नाही, तर तिच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. आणि "कनेक्शन बंद करतो, ओटीपी सांगा" असा अनोळखी फोन आला, तर सांगू नका. पैसे गेलेच, तर ताबडतोब १९३० लावा.

परवा त्याच मावशी पेन्शनला आल्या. अंगठा लावला, पैसे मोजले आणि हसून म्हणाल्या, "आता तुझा डबा बरा चालतो गो!" मैत्रिणींनो, त्या दिवशी माझ्या जिवात जीव आला. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं जरूर विचारा, कोणाच्या घरचं नेट कोणाच्या नावावर आहे?