भाजल्यानंतरची पहिली २० मिनिटे



ज्वाला विझली तरी त्वचेत साठलेली उष्णता आतील पेशींना जाळीतच राहते. म्हणून भाजलेला भाग तत्काळ वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटे धरावा. उरलेले अंग पांघरुणाने उबदार ठेवावे. बर्फ, शाई, टूथपेस्ट वर्ज्य समजावे. सूज चढण्यापूर्वी बांगड्या-अंगठ्या उतरवाव्यात. मात्र वितळून चिकटलेले नायलॉन-पॉलिस्टर ओढू नये. धागे न सुटणाऱ्या स्वच्छ वस्त्राने जखम झाकावी.

रुग्णाचा बोटांसह तळहात म्हणजे शरीराचा सुमारे १ टक्का. याच मापाने भाजणे प्रौढांत १५, बालकांत १० टक्क्यांहून अधिक भरल्यास रक्तातील द्रव झिरपून जीव धोक्यात येतो. शिरेतून सलाईन देणे अनिवार्य ठरते. अशा वेळी घरगुती लेपांत क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.