थेंबांची वेळ

आमच्या अम्मीच्या उशाशी दोन वस्तू कायम असत. एक तसबीह आणि दुसरी डोळ्यांच्या औषधाची बाटली. तिला काचबिंदू होता. मोतीबिंदू नव्हे, तो काढला की नजर परत येते. काचबिंदूत डोळ्यातल्या पाण्याचा निचरा अडतो, आतला दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू मरते. बहुतेकांना दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेकडेने जाते आणि गेलेली परत येत नाही.

रमजानमध्ये अम्मी दिवसाचे थेंब टाळायची. रोजा मोडेल ही भीती. डोळ्यात औषध घातल्यानं रोजा मोडत नाही, असं बहुतेक उलेमा सांगतात. पण तिच्यासाठी कुणी विचारलंच नाही. मी घरातला बी. ए. झालेला मुलगा, कविसंमेलनं करत हिंडत होतो. शेवटी शेवटी ती चाचपडत दार शोधायची.

आईबापांना असेल तर मुलांनी वेळेवर तपासून घ्यावं. मी गेलो तो पन्नाशी उलटल्यावर. दाब निघाला २८. साधारण १० ते २१ असावा लागतो. डॉक्टर म्हणाले, रोज थेंब घाला किंवा लेझर करू. माझी समजूत अशी, की थेंब हरले की मग लेझर. आता तसं नाही. ब्रिटनमधल्या ७१८ रुग्णांचा अभ्यास २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. आधी लेझर घेतलेल्यांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश जणांचा दाब तीन वर्षांनीही थेंबांवाचून आटोक्यात होता.

भूल देणारा थेंब, यंत्रावर टेकवलेली हनुवटी, डोळ्यावर भिंग आणि हिरवा लुकलुकाट. चहा निवेपर्यंत काम झालं. टाके नाहीत, पट्टी नाही. मात्र हा इलाज सगळ्यांना लागू पडत नाही. निचऱ्याचा कोनच बंद होत असेल तर लेझर वेगळं. त्यात डोळ्याच्या रंगीत पडद्याला बारीक छिद्र पाडतात. शिवाय माझ्या लेझरचा असर काही वर्षांत ओसरू शकतो. तेव्हा ते पुन्हा करता येतं, पण ओसरलं हे कळायला दाब मोजावाच लागतो.

या रमजानमध्ये आपाला तपासणीला चल म्हटलं. म्हणाली, “इफ्तारनंतर नेशील?” त्या वेळी दवाखाना बंद असतो. मग रोजा धरूनच आली. डोळ्यात थेंब पडला तेव्हा तिनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. दाब २४. सोमवारी नजरेच्या कडांची तपासणी आहे.