फोटोची मागची बाजू
(आपल्या सिनेगॉगच्या वर्धापनदिनी महिला मंडळातर्फे केलेले भाषण)



बाहेरच्या खोलीत टेबलांवर जुने फोटो मांडले आहेत. गेली दोन वर्षे आम्ही सहाजणी घरोघर फिरून ते गोळा करीत आहोत. कोणाचा मूळ फोटो ठेवून घेतला नाही. नक्कल केली आणि त्याच दिवशी, चहा पिऊन, परत दिला.

याची सुरुवात कोकणात झाली. २०१९ च्या जानेवारीत आमच्यातल्या चौघी तिकडे गेलो होतो. अलिबागचे मागेन आबोथ पाहिले, नवगावच्या जुन्या कबरस्तानात गेलो, खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीच्या खडकाचे दर्शन घेतले. (हे अलिबागजवळचे खंडाळे, घाटातले नव्हे.) मग एकीच्या आजोळी रेवदंड्याला गेलो. लहानपणी आम्ही भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरत असू आणि पुढे एस. टी. ने जात असू. ते कौलारू घर आता नाही. परसात घाण्याचा दगड मात्र पडून होता, त्यात पावसाळ्यातला पाचोळा कुजलेला. फोटो काढला. काढताना वाटले, घाणा फिरत होता तेव्हा कोणी का नाही काढला?

ज्या धंद्यामुळे लोक आपल्याला शनिवार तेली म्हणत, त्या धंद्याचा एकही फोटो आम्हाला जमवलेल्या ढिगात मिळाला नाही. लग्नाचे मात्र शेकडो आहेत! स्टुडिओतला रंगवलेला पडदा, नऊवारीतल्या आजीबाई, तुर्की टोपीतले आजोबा, पलटणीतल्या काकांचे बिल्ले. अॅग्फा क्लिक थ्रीच्या रोलमध्ये बारा फोटो निघत. त्यातला एक बिरड्यासाठी वाल सोलणाऱ्या बायकांवर कोण खर्च करणार? आईचा फोटो आहे, पण आईच्या स्वयंपाकघराचा नाही. शब्बाथ आणि सणाला आपण कॅमेरा हातात धरीत नाही, ते योग्यच आहे. पण त्यामुळे सिनेगॉगचे बहुतेक फोटो रिकाम्या बाकांचे आहेत. भरलेले सिनेगॉग दिसते ते लग्नात आणि मिलाच्या दिवशी.

मुंबईत सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली शाआर हारहमिम बांधले. आपले वडीलधारे त्याला जुनी मशीदच म्हणत. तिथल्या गल्ल्यांतून आपली माणसे केव्हाच निघून गेली. पनवेलच्या बेथ एलमध्ये २६ जुलै २००५ च्या पुराचे पाणी शिरले. त्याआधीचा आतला एखादा फोटो कोणाकडे असेल तर कृपा करून शोधा. येरुशलायिमच्या इस्राएल म्युझियममध्ये १९९५ साली हिंदुस्थानच्या यहुद्यांचे प्रदर्शन झाले होते. तिथे प्रत्येक वस्तूखाली चिठ्ठी होती. आमच्या ढिगात निम्म्याहून जास्त फोटोंच्या मागे काहीच नाही.

आमच्यातल्या दोघी निवृत्त नर्स आहेत. बाळाच्या मनगटावर पट्टी नसेल तर वॉर्डात काय गोंधळ होतो, हे त्यांना विचारा. कोरा फोटो तसाच. चेहरा आहे, पण कोणाचा ते सांगणारे कोणी नाही.

एक चूक कबूल करतो. आपल्या एका वृद्ध मावशींनी निरोप पाठवला होता की मलिद्याच्या एका फोटोतल्या सगळ्याजणी मला ठाऊक आहेत, या. आम्ही मंगळवार ठरवला, मग म्हटले सण होऊन जाऊ दे. सणानंतर त्या इस्पितळात गेल्या आणि परत आल्या नाहीत. त्यांच्या मुलीने दोन नावे सांगितली, तीही साडीच्या काठावरून ओळखून.

दुसरी चूक बॉलपेनची. पहिल्याच महिन्यात आम्ही मागे जोर देऊन नावे लिहिली आणि अक्षरे पुढच्या बाजूला नवऱ्या मुलाच्या कपाळावर उमटली. आता मऊ पेन्सिल वापरतो, तीही कडेला. चिकट पानांचे अल्बम फार वाईट, कागद पिवळा पडतो. पण त्यातून फोटो ओढून काढू नका, फाटतो. आहे तसे पान मोबाईलवर टिपा, बाकी आम्ही बघू. रंगीत फोटो उन्हाच्या भिंतीवरून उतरवा. ते तांबूस पडत चालले आहेत, आणि इथल्या उन्हाविषयी तुम्हाला वेगळे सांगायला नको. नातवंडांना मोबाईलची हौस आहे, त्यांना आजीजवळ बसवा आणि आजी नावे सांगते तेही रेकॉर्ड करायला सांगा. आमच्याकडे असे अकरा आवाज जमले आहेत. एका आजींनी फोटोतले कोणीच ओळखले नाही, पण मागच्या विहिरीवर रहाट कोणी बसवला ते सांगितले. तेही आम्ही लिहून घेतले.

प्रत्येक फोटोला नंबर दिला आहे. जेवणानंतर घाई न करता टेबलापाशी या, चष्मा विसरू नका. पेन्सिली आणि चिठ्ठ्या तिथेच आहेत. खात्री नसेल तर नावापुढे प्रश्नचिन्ह काढा, चालेल. सतरा नंबरचा फोटो मुद्दाम पाहा, तोच तो मलिद्याचा. सातजणी बसल्या आहेत, मध्ये पोह्यांचे ताट आणि फळे. पाचजणींची नावे अजून मिळायची आहेत. उजव्या टोकाला एक तरुण बाई कडेवर मूल घेऊन उभी आहे. ते मूल आज सत्तरीच्या घरात असेल. कदाचित याच सभागृहात बसले असेल.