पुठ्ठ्यामागची माणसे



‘जी. आय. जो’ या अमेरिकी खेळण्यांच्या सर्वांत गाजलेल्या मालिकेचे उत्पादन १९९४ साली थांबले. त्याच वर्षी डिसेंबरच्या अंकानिशी त्या खेळण्यांवरचे मार्व्हल कंपनीचे कॉमिकही बंद पडले. बारा वर्षांत १५५ अंक निघाले होते. खेळणी येतात आणि जातात, दुकानदार त्यांची जागा दुसऱ्या मालाला देतो आणि गोष्ट तिथेच मिटते. या मालिकेची मिटली नाही. तिचे चाहते आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांना बोलते केले, तर ते प्लॅस्टिकबद्दल थोडे आणि माणसांबद्दल फार बोलतात. कोण कुठल्या गावचा, कुणाला स्वयंपाकी व्हायचे होते, कोण कुणाच्या काकाच्या खुन्याच्या शोधात होता, हे त्यांना नातेवाइकांच्या माहितीइतके पाठ असते.

पावणेचार इंचांच्या सैनिकांना एवढे आयुष्य कुणी दिले, ते आज सांगायचे आहे.

‘जी. आय. जो’ हे नाव तसे जुने. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यातल्या हॅस्ब्रो कंपनीने १९६४ साली सुमारे फूटभर उंचीचा, कपडे बदलता येणारा सैनिक बाजारात आणला. माणसाच्या शरीराच्या आकारावर मालकी सांगता येत नाही, म्हणून त्याच्या गालावर एक व्रण ठेवला गेला. अंगठ्याचे नख चुकीच्या बाजूला आले होते, तेही तसेच राहू दिले. दुसऱ्या कुणी नक्कल केली तर ती या खुणांवरून पकडता यावी. पुढे व्हिएतनामच्या युद्धाने अमेरिकेत सैनिकी खेळण्यांवरचे मन उडाले. तेल महागले तसे प्लॅस्टिकही महागले. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात हा उंच सैनिक बंद झाला.

दरम्यान ‘स्टार वॉर्स’ चित्रपटाची पावणेचार इंचांची खेळणी प्रचंड खपली. एवढ्या लहान आकारात वाहने, विमाने, तळ सगळे करता येते हे हॅस्ब्रोने पाहिले आणि १९८२ साली ‘जी. आय. जो’ त्याच मापात परत आणला. आता तो एकटा नव्हता. हे एक पथक होते आणि प्रत्येकाचे नाव, चेहरा, काम वेगळे होते.

इथे एका बंधनाची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यातून निघाले. त्या काळी अमेरिकेत खेळण्यांच्या टीव्ही जाहिरातीत ॲनिमेशन जेमतेम काही सेकंद दाखवता येई. खेळणे प्रत्यक्षात जसे आहे तसेच पडद्यावर दिसले पाहिजे, मुलांची दिशाभूल होता कामा नये, असा त्यामागचा हेतू होता. कॉमिकच्या जाहिरातीला मात्र असा नियम नव्हता. टीव्हीवर कॉमिकची जाहिरात करण्याइतका पैसा त्या धंद्यात कुणाकडे नसल्यामुळे तसा नियम करायची वेळच आली नव्हती. हॅस्ब्रोने मार्व्हलशी करार केला, कॉमिक सुरू केले आणि त्या कॉमिकची संपूर्ण ॲनिमेशनमधली जाहिरात टीव्हीवर झळकवली. पडद्यावर विमाने उडत होती, स्फोट होत होते. जाहिरात पुस्तकाची होती, पण मुले दुकानात जाऊन मागत होती ते सैनिक.

म्हणजे या कथेचा जन्म शुद्ध व्यापारी सोयीतून झाला, हे मान्यच करायला हवे. अशा सोयीच्या कथा बहुधा कुणाच्या लक्षात राहत नाहीत. ही राहिली, कारण लिहायला बसलेला माणूस लॅरी हामा होता.

हामा न्यूयॉर्कचे, जपानी-अमेरिकन. व्हिएतनाम युद्धाच्या काळात ते अमेरिकी सैन्याच्या इंजिनियर दलात होते. मार्व्हलमध्ये हे काम घ्यायला दुसरे कुणी तयार नव्हते, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. खेळण्यांचे कॉमिक म्हणजे कमी दर्जाचे काम अशी तेव्हाची समजूत होती. हामांकडे ‘फ्युरी फोर्स’ नावाच्या एका लष्करी पथकाची कल्पना तयार पडून होती. ती त्यांनी या सैनिकांना चढवली. हॅस्ब्रोकडे शत्रूही नव्हता. मार्व्हलचे संपादक आर्ची गुडविन यांनी ‘कोब्रा’ ही गुप्त संघटना सुचवली. खलनायकांची खेळणी कोण घेणार, अशी शंका सुरुवातीला होती. मुलांनी ती लवकरच दूर केली. बॅरोनेस ही चष्मा लावणारी खलनायिका तर आधी कॉमिकच्या पहिल्या अंकात आली आणि दोन वर्षांनी, १९८४ साली, तिचे खेळणे निघाले. म्हणजे खेळण्यातून कथा जशी निघत होती, तशी कथेतूनही खेळणी निघू लागली होती.

आता शीर्षकातल्या पुठ्ठ्याकडे वळू. प्रत्येक सैनिक ज्या पुठ्ठ्यावर चिकटवून विकायला यायचा, त्याच्या पाठीमागे त्या सैनिकाची ओळख छापलेली असे. कात्रीने कापून ठेवायची एक छोटी चौकट. खरे नाव, हुद्दा, जन्मगाव, कौशल्य आणि खाली चार-सहा ओळी. पात्रे आपल्या डोक्यात वेगवेगळी राहावीत म्हणून हामा स्वतःसाठी अशी टिपणे करत होते. ती हॅस्ब्रोला इतकी आवडली, की त्यांनी ती थेट छापायला घेतली. रोडब्लॉक हा धिप्पाड मशीनगनवाला मिसिसिपी राज्यातल्या बिलॉक्सी गावचा. त्याला उत्तम शेफ व्हायचे होते आणि फ्रान्समध्ये जाऊन पाकशास्त्र शिकण्यासाठी पैसे जमवायला तो क्लबच्या दारावर पहारेकऱ्याची नोकरी करत होता. पथकाचा डॉक्टर तर शांततावादी, शस्त्रावर विश्वास नसलेला. सैनिकी खेळण्याच्या पाठीवर शांततावादी माणसाची ओळख छापली जाणे ही साधी गोष्ट नाही. आठ-दहा वर्षांच्या मुलाला त्यातून कळत होते की गणवेश एक असला तरी आतली माणसे एकसारखी नसतात.

स्नेक आइज या सैनिकाची कहाणी सर्वांत जास्त सांगितली जाते, आणि ती सांगण्यासारखीच आहे. १९८२ च्या पहिल्या संचात रंगकामाचा खर्च वाचवायचा होता. म्हणून एक सैनिक पूर्ण काळ्या प्लॅस्टिकचा काढला. डोळे नाहीत, ओठ नाहीत, रंगाचा एक ठिपकाही नाही. कारखान्याच्या हिशेबातली ही काटकसर हामांनी उचलली आणि तिच्यातून माणूस उभा केला. याचा चेहरा का दिसत नाही? हेलिकॉप्टरच्या अपघातात तो भाजला आहे. हा बोलत का नाही? त्याच अपघातात त्याचा आवाज गेला आहे. त्याने तेव्हा स्कार्लेट या सहकारी स्त्रीचा जीव वाचवला होता. सगळ्यांत स्वस्तात तयार झालेला सैनिक सगळ्यांत लाडका ठरला.

मार्च १९८४ चा एकविसावा अंक याच पात्राचा. कोब्राच्या किल्ल्यात कैद झालेल्या स्कार्लेटला सोडवायला स्नेक आइज जातो. अख्ख्या अंकात एकही संवाद नाही, एकही निवेदनाची ओळ नाही. कथेची चित्रे हामांनीच आखली होती आणि स्टीव्ह लियालोहा यांनी ती पुरी केली. शेवटी स्नेक आइजची बाही फाटलेली दिसते. त्याच्या हातावर जे गोंदण आहे, तेच त्याच्या शत्रूच्या, पांढऱ्या वेशातल्या स्टॉर्म शॅडोच्या हातावर आहे. शब्द नाही, खुलासा नाही, आणि वाचणाऱ्या मुलाला मात्र एका क्षणात कळते की हे दोघे कधीकाळी एकाच घरातले होते. पुढच्या अंकांत ती गाठ उलगडत गेली: व्हिएतनाममध्ये दोघे एकाच तुकडीत होते, नंतर एकाच घराण्यात निंजांची विद्या शिकले, स्टॉर्म शॅडोच्या काकाचा खून झाला, आणि खुनी शोधण्यासाठी तो शत्रूच्या गोटात शिरला. कॉमिकच्या कलेविषयी बोलताना जाणकार आजही या अंकाचे नाव घेतात, आणि तो मान त्याला मिळायलाच हवा.

कोब्राचे चित्रणही असेच धीट आहे. तिचा प्रमुख कोणी राजा किंवा परग्रहवासी नाही. तो जुन्या गाड्या विकणारा एक सामान्य माणूस आहे, सरकारवर आणि जगावर चिडलेला. त्याने स्प्रिंगफील्ड नावाचे एक अख्खे गाव आपल्या बाजूला वळवले आहे. गावात शाळा आहे, दुकाने आहेत, हिरवळी कापलेल्या आहेत, आणि घराघरांत कोब्राचा गणवेश लपवलेला आहे. द्वेष पसरवणारे लोक शेजारच्या घरातही राहत असतात, हे मुलांसाठीच्या कॉमिकने १९८३ साली सांगितले.

खेळण्यांचा धंदा त्या वेळी भरात होता. १९८५ साली ‘यू. एस. एस. फ्लॅग’ ही साडेसात फूट लांबीची विमानवाहू नौका निघाली. एवढे मोठे खेळणे किती घरांत मावणार? ज्याच्याकडे ते होते त्याच्या घरी मुलांची रीघ लागायची. त्याच सुमारास टीव्हीवरची मालिकाही जोरात होती. मात्र दरवर्षी नवा माल खपवायचा तर दरवर्षी नवी पात्रे कथेत घुसवावी लागत, आणि ते ओझे एकट्या हामांच्या खांद्यावर होते. १९९१ च्या १०९ व्या अंकात त्यांनी डॉक्टरसह अनेक जुन्या सैनिकांना मारून टाकले. त्यांची खेळणी तोवर दुकानांतून गेली होती, म्हणून कंपनीची हरकत नव्हती. वाचकांना मात्र तो धक्का खरा बसला. ज्याची ओळख कापून डबीत ठेवली होती, तो माणूस गेला होता.

नव्वदच्या दशकात उतरण लागली. प्रदूषणाविरुद्धचे पथक, अमली पदार्थांविरुद्धचे पथक, निंजांचे पथक, अंतराळातले पथक, १९९३ मध्ये तर ‘स्ट्रीट फायटर’ या व्हिडिओ गेमची पात्रेही याच नावाखाली आली. रंग भडक झाले. निंजा टर्टल्स आणि पॉवर रेंजर्स यांनी मुले खेचून नेली. एका मालिकेत सगळेच कोंबले की तिचे स्वतःचे काहीच उरत नाही, आणि इथे तसेच झाले.

तरीही अखेर नीट झाली, याबद्दल चाहते हामांचे ऋणी आहेत. १५५ वा, शेवटचा अंक म्हणजे एक पत्र आहे. सैन्यात जावे का, अशा विचारात असलेल्या आपल्या जुन्या साथीदाराच्या मुलाला स्नेक आइज ते लिहितो. जे पात्र बारा वर्षे जवळपास मुकेच राहिले, ते इथे मोकळे होते. युद्धाचे गुणगान त्यात नाही. गेलेल्या मित्रांची आठवण आहे. खेळण्याच्या जाहिरातीसाठी सुरू झालेल्या मासिकाने निरोप घेताना मुलांना सैनिक विकला नाही. सैनिक होण्याची किंमत सांगितली.

या गोष्टीचा एक धागा गोव्यात येतो. १९८७ साली एम. आर. एफ. या टायर कंपनीने हॅस्ब्रोच्या भागीदारीत फनस्कूल ही खेळण्यांची कंपनी सुरू केली आणि तिचा कारखाना गोव्यात उभा राहिला. खेळण्यांचे पोलादी साचे फार महाग असतात. अमेरिकेतले काम संपले की हॅस्ब्रो ते इतर देशांतल्या भागीदारांकडे पाठवी. ब्राझीलमध्ये गेले तसे ते आपल्याकडेही आले. अमेरिकेत मालिका संपल्यावरही भारतात या साच्यांतून सैनिक निघतच राहिले. मूळच्या रंगांशी ते नेहमी जुळत नसत. हिरव्याच्या जागी भलताच रंग, टोपीची कड वेगळी, साचा झिजल्यामुळे बोटे जराशी जाडसर. त्या काळी दूरदर्शनवर ‘स्ट्रीट हॉक’ ही मोटारसायकलस्वाराची मालिका लोकप्रिय होती, तर फनस्कूलने ‘जी. आय. जो’ या नावाखाली स्ट्रीट हॉकसुद्धा काढला. अमेरिकेत असा सैनिक कधी निघालाच नाही.

मुंबई-पुण्यापासून लहान गावांपर्यंत अनेक घरांत हे सैनिक पोचले, पण मार्व्हलचे अंक सहजी मिळत नव्हते. त्यामुळे इथल्या मुलांनी कथा स्वतःच रचल्या. कमरेतली रबरी रिंग काही वर्षांनी सुकून तुटे आणि सैनिकाचे दोन तुकडे होत. पाठीवरचा स्क्रू काढून नवी रिंग घातली की तो पुन्हा उभा राही. आजही जुने सैनिक असेच दुरुस्त केले जातात. २००० सालाच्या आसपास अमेरिकी संग्राहकांना या भारतीय सैनिकांचा शोध लागला आणि त्यांनी ते इथून मागवायला सुरुवात केली. सदोष म्हणून कुणी टाकले असते, ते रंग आता संग्रहाचा अभिमान झाले आहेत.

हॅस्ब्रोने त्यानंतर ‘जी. आय. जो’ वेगवेगळ्या मापांत अनेकदा परत आणला. कॉमिकचे पुनरागमन मात्र वेगळे होते. २०१० साली आयडीडब्ल्यू या प्रकाशनाने हामांनाच बोलावून कथा जिथे सोडली होती तिथून, म्हणजे १५५ नंतर, पुढे सुरू केली. ती ३०० व्या अंकापर्यंत गेली. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये स्कायबाउंड या प्रकाशनाने ३०१ वा अंक काढला. तोही हामांनीच लिहिला.

अमेरिकेत या खेळण्यांचे चित्रकार, रचनाकार, विक्रेते यांच्या मुलाखती झाल्या आहेत, पुस्तके निघाली आहेत. गोव्याच्या कारखान्यात ज्यांनी साचे बसवले, ज्या हातांनी सैनिकांच्या टोप्या रंगवल्या, पुठ्ठ्यावर सैनिक बसवून खोकी भरली, त्यांच्या आठवणीही तितक्याच मोलाच्या आहेत. हे ऐकणाऱ्यांपैकी कुणी तिथे काम केले असेल, किंवा कुणाच्या आईवडिलांनी केले असेल, तर त्यांनी त्या लिहून ठेवाव्यात. आणि कुणाच्या माळ्यावर जुना पुठ्ठा सापडला, तर तो रद्दीत देऊ नये.