संच ऐकावा, तो सलग ऐकावा

(कौटुंबिक स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



‘आवडत्या ध्वनिमुद्रिका’ या विषयावर बोलण्यास मला सांगण्यात आले, तेव्हा मी प्रथम संकोचलो. मी गायक नाही, संगीताचा अभ्यासकही नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्रशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले. परंतु गाणे जसे गाणाऱ्याचे असते, तसे ते ऐकणाऱ्याचेही असते. त्या ऐकणाऱ्याच्या अधिकाराने आज चार शब्द बोलणार आहे.

आवडत्या गाण्यांविषयी आपण नेहमीच बोलतो. मला बोलायचे आहे ते ध्वनिमुद्रिकेविषयी, म्हणजे एका विचाराने गुंफलेल्या गीतांच्या संचाविषयी. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. दीर्घ वादनाची तबकडी आली आणि एका बाजूस वीस-बावीस मिनिटे मिळू लागली. हा बदल केवळ यांत्रिक नव्हता. कोणत्या गीतानंतर कोणते गीत यावे, आरंभ कोठे व्हावा, शेवट कशाने व्हावा, याचा विचार करण्यास कलावंताला त्यामुळे जागा मिळाली. फुले तीच, परंतु ती ओवली की हार होतो. या ओवण्याचा अर्थ मला तीन ध्वनिमुद्रिकांनी शिकवला.

पहिली अर्थातच गीतरामायण. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून त्यातील पहिले गीत प्रसारित झाले आणि वर्षभर, आठवड्याला एक या क्रमाने, ५६ गीते महाराष्ट्राने ऐकली. आकाशवाणीवरील सीताकांत लाड यांची प्रेरणा, ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडके, म्हणजे आपले बाबूजी, यांचे संगीत. आकाशवाणीवर निरनिराळ्या पात्रांची गीते निरनिराळ्या गायकांनी गायली होती. पुढे बाबूजींनी सर्व गीते स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केली आणि घराघरांत पोहोचला तो हा संच.

या संचातील एक गीत आपल्याकडे दुःखाच्या प्रसंगी हमखास लावले जाते. चित्रकूटावर श्रीराम भरताची समजूत घालतात, ते गीत. माणसाच्या पराधीनतेविषयीचे त्यातील चिंतन इतके सर्वस्पर्शी आहे, की ते सुटे ऐकले तरी मनाला भिडते. मात्र सुटे ऐकले की ते एखाद्या विरक्ताचे तत्त्वज्ञान वाटते. ते तसे नाही, हे मला १९८३ साली कळले.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात आमचे वडील अचानक गेले. थोरले बंधू तेव्हा आसामात तेलक्षेत्रात नोकरीस होते. तार मिळून, मिळेल ती गाडी पकडून ते घरी पोहोचले, तोवर सारे विधी उरकले होते. दादा कोणाशी बोलेनात. रडलेही नाहीत. तेराव्यानंतर एका संध्याकाळी आईने मला गीतरामायणाच्या तबकड्या काढायला सांगितल्या. कोणीतरी ते प्रसिद्ध गीत लाव म्हणाले. आई म्हणाली, “नुसते ते नको. दशरथापासून लाव.”

तो क्रम आपण आठवून पाहावा. प्रथम दशरथाचा मृत्युपूर्व विलाप. मग आजोळहून परतलेला भरत. पिता गेलेला, बंधू वनात गेलेला, आणि हे सारे आपल्या अपरोक्ष, आपल्याच नावाने घडलेले. त्या भरताचा कैकेयीवरील संताप. मग भरताची सेना पाहून लक्ष्मणाच्या मनात आलेला संशय आणि त्याचा आवेश. इतके सारे होऊन गेल्यावर श्रीराम बोलू लागतात. म्हणजे हे बोल कोणा प्रवचनकाराचे नाहीत. नुकताच पोरका झालेला एक मुलगा, त्याच पित्याच्या दुसऱ्या पोरक्या मुलाशी बोलतो आहे. ज्याला पित्याच्या अंतकाळी जवळ असता आले नाही, त्याला तो सांगतो आहे की दोष तुझा नाही, कैकेयीचाही नाही. आणि त्याच्या लगोलग येते ते भरताचे, पादुका मागणारे गीत. समजूत घालणारा आणि समजूत घातली जाणारा, दोघांचाही आवाज एकच, बाबूजींचा.

भरताचे गीत सुरू झाले आणि दादा ओक्साबोक्शी रडले. आईने सुई उचलू दिली नाही. ती बाजू संपेपर्यंत आम्ही सारे तसेच बसून होतो. पित्याच्या मृत्यूच्या वेळी दूर असलेला पुत्र आपल्या संस्कृतीने हजारो वर्षांपूर्वी पाहिला आहे आणि त्याला दोषी ठरवलेले नाही, हे त्यांना त्या दिवशी कोणी समजावून सांगितले नाही. त्या क्रमाने ते समजावले.

दुसरी ध्वनिमुद्रिका ‘शिवकल्याण राजा’. १९७४ साली शिवराज्याभिषेकाला ३०० वर्षे पूर्ण झाली, त्या निमित्ताने ती निघाली. संगीत पं. हृदयनाथ मंगेशकरांचे, स्वर लतादीदींचा आणि निवेदन शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे यांचे. समर्थ रामदास आणि कवी भूषण हे शिवकालातील. सावरकर आणि कुसुमाग्रज हे विसाव्या शतकातील. एक ब्रजभाषेत लिहिणारा, बाकीचे मराठीत. तीनशे वर्षांच्या अंतरावरचे हे कवी एका तबकडीवर शेजारी शेजारी बसतात आणि परके वाटत नाहीत, यातच या संचाचे यश आहे.

आमच्या वयाच्या मुलांना त्यातील भूषणाच्या छंदाचे वेड होते. शब्दांचा अर्थ कळण्यापूर्वीच तो ताल अंगात भिनला. परंतु वय वाढले, तसे मला दुसरेच गीत अधिक अस्वस्थ करू लागले. प्रतापराव गुजर आणि त्यांच्या सहा साथीदारांवरील कुसुमाग्रजांचे गीत. बहलोलखानाला हाती आलेला असताना सोडून दिल्याबद्दल महाराजांनी खरमरीत शब्दांत कानउघाडणी केली. ती जिव्हारी लागून २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीजवळ सरनौबत मोजक्या स्वारांनिशी शत्रुसैन्यावर तुटून पडले आणि कामी आले. राज्याभिषेक झाला तो ६ जून १६७४ रोजी. मधले अंतर जेमतेम साडेतीन महिन्यांचे. आणि राज्याभिषेकानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जून रोजी, जिजाऊसाहेबांनी देह ठेवला.

म्हणजे सिंहासनाच्या त्या सोहळ्याच्या एका बाजूस सेनापतीचा मृत्यू आहे आणि दुसऱ्या बाजूस मातेचा. उत्सवासाठी काढलेल्या ध्वनिमुद्रिकेत केवळ नगारे आणि जयघोष घालता आले असते. मंगेशकरांनी तसे केले नाही. त्यांनी आनंदात शोकाला जागा ठेवली. विजयाचे मोल कोणी चुकते केले, हे विसरून केलेला विजयोत्सव पोकळ असतो. आपण वर्षभर अनेक उत्सव करतो. त्या प्रत्येक उत्सवाच्या वेळी ही ध्वनिमुद्रिका मला विचारते, की ज्यांच्यामुळे हा दिवस दिसला त्यांची नावे तुला ठाऊक आहेत का? प्रतापरावांचे नाव आपल्याला पाठ असते. त्यांच्यासमवेत गेलेल्या सहा जणांची नावे आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील?

तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेत एकही शब्द नाही. १९६७ साली ध्वनिमुद्रित झालेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’. संतूरवर पं. शिवकुमार शर्मा, बासरीवर पं. हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर पं. ब्रिजभूषण काब्रा आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. या निर्मितीमागे ग. ना. जोशी होते, मराठी भावगीताच्या आरंभकाळातील आपले नामवंत गायक, ही गोष्ट मराठी माणसाने अभिमानाने लक्षात ठेवावी. काश्मीरच्या खोऱ्यातील एका मेंढपाळाचा दिवस, ही त्यामागील कल्पना. पहाटेसाठी अहिरभैरव, मग नटभैरव, पिलू, सायंकाळी भूप, पुढे देस आणि शेवटी पहाडी. रागांची वेळ हा आपल्या संगीतातील जुना संकेत. त्यालाच येथे कथासूत्र केले आहे.

यातील वाद्यांचाही विचार करावा. संतूर हे काश्मीरच्या सूफियाना संगीतातील वाद्य. शिवकुमारांनी ते रागसंगीताच्या मंचावर आणले, तेव्हा या वाद्यात मींड कशी काढणार, असा आक्षेप अनेकांनी घेतला होता. बासरी गुराख्याची, पन्नालाल घोषांनी तिला मैफलीत मान मिळवून दिला. गिटार तर परदेशातून आलेली. परंपरा म्हणजे साचलेले पाणी नव्हे. जिची मुळे खोल असतात ती परंपरा नव्याला आपल्यात सामावून घेते आणि तरीही स्वतः तीच राहते. हे तत्त्व व्यासपीठावरून आपण पुष्कळदा ऐकतो. ते प्रत्यक्ष पाहावयाचे असेल तर हा संच ऐकावा.

१९९० साली काश्मिरी पंडितांना खोरे सोडावे लागले. पुढे विस्थापित कुटुंबांतील मुलांना महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रवेश मिळू लागले. असाच एक विद्यार्थी सणासुदीला आमच्या घरी जेवायला येत असे. एकदा मी त्याला ही ध्वनिमुद्रिका ऐकवली. त्याच्या घरच्या वाद्याचा स्वर ऐकून त्याला बरे वाटेल, अशी माझी कल्पना. तो शांतपणे पहाडी संपेपर्यंत ऐकत राहिला. संतूरविषयी काही बोलला नाही. निघताना इतकेच म्हणाला, की सर, या मेंढपाळाला संध्याकाळी घरी परतता येते.

त्यानंतर ते संगीत मला पूर्वीसारखे केवळ रम्य वाटलेले नाही. पहाटेपासून रात्रीपर्यंतचा एक साधा, सलग दिवस आणि त्याच्या शेवटी आपले घर. हे ज्याच्यापाशी आहे त्याला ते दिसत नाही. ज्याचे गेले त्याला ते प्रत्येक स्वरात ऐकू येते. पं. शिवकुमार शर्मा १० मे २०२२ रोजी गेले. त्या रात्री मी ती ध्वनिमुद्रिका पुन्हा ऐकली, तेव्हा त्यांच्याइतकीच त्या मुलाची आठवण आली.

आज या तिन्ही ध्वनिमुद्रिका भ्रमणध्वनीवर क्षणात मिळतात. त्यासाठी पैसे साठवावे लागत नाहीत, तबकडीवर ओरखडा पडण्याची भीती नाही. ही सोय मोठी आहे. यंत्र शिकवणाऱ्या माणसाने यंत्राला नावे ठेवू नयेत. मात्र एक प्रश्न विचारावा. एक गीत संपल्यावर पुढचे गीत कोण निवडतो? पूर्वी ते माडगूळकर, फडके, मंगेशकर निवडत. आज बहुधा यंत्र निवडते, आणि आपल्याला आधी जे आवडले त्यासारखेच काही पुढे करते. दशरथाच्या विलापामागून भरताचा संताप ते आपणहून देईल, याची खात्री नाही. शिवाय घरातील चार माणसे चार कानयंत्रे लावून चार गाणी ऐकतात. एकाचे रडू दुसऱ्याला कळत नाही.

गीतरामायणाचा आरंभ आपण जाणताच. कुश आणि लव गात आहेत आणि स्वतः श्रीराम ते ऐकत आहेत. या महाकाव्याचा एक श्रोता प्रत्यक्ष त्याचा नायक आहे, आणि गाणारी मुले आपलीच आहेत हे त्याला अजून ठाऊक नाही. पित्याने मुलांकडून ऐकावे आणि त्या ऐकण्यातून पिता-पुत्रांची ओळख पटावी, असे हे विलक्षण दृश्य आहे.

म्हणून विनंती एवढीच, की आठवड्यातून एक संध्याकाळ, तासभर, घरातील सर्वांनी एकत्र बसून एक संच आरंभापासून अखेरपर्यंत ऐकावा. एका आठवड्यास तो आईवडिलांनी निवडावा, दुसऱ्या आठवड्यास मुलांनी. मुलांची निवड आपल्याला रुचेलच असे नाही. तरीही मध्येच न उठता ऐकावी. त्यांनी आपले ऐकावे असे वाटत असेल, तर त्यांचे ऐकण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.