ड्रॅगनस्वाराची उमेदवारी

उमेदवार हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. निवडणुकीला उभा राहतो तो उमेदवार. आणि सुताराच्या किंवा शिंप्याच्या हाताखाली राहून जो काम शिकतो, तोही उमेदवारीच करीत असतो. एकजण निवडले जाण्याची वाट पाहतो, दुसरा शिकत राहतो. आज मी तुम्हांला अशा एका खेळाविषयी सांगणार आहे, की ज्यात हे दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत. खेळ परदेशातला आहे. त्यातले वाहन तर ऐकूनच तुम्हांला हसू येईल. ते वाहन म्हणजे ड्रॅगन.

ड्रॅगन हा युरोपातल्या लोककथांमधला प्राणी. अंगाने अजस्र, पाठीवर पंख आणि तोंडातून आग. या कथांतून तो बहुधा दुष्टच असतो. वीराने यावे, त्याला मारावे आणि राजकन्या सोडवून न्यावी, हा त्याचा ठरलेला शेवट. ॲन मॅकॅफ्री नावाच्या अमेरिकन लेखिकेला हे पटले नाही. बाईंना घोड्यांचे भारी वेड. त्यांनी १९६७ साली एका मासिकात दीर्घकथा लिहिली आणि तीत ड्रॅगनला माणसाचा शत्रू न करता सोबती केले. १९६८ साली त्या कथेला विज्ञानकथांसाठीचे मानाचे ह्यूगो पारितोषिक मिळाले. कथालेखनासाठी ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री लेखिका. १९७० साली त्या आयर्लंडमध्ये जाऊन राहिल्या आणि २०११ साली वारल्या. पण त्यांनी निर्माण केलेले जग अजून नांदते आहे.

त्या जगाचे नाव पर्न. हा एक दूरचा ग्रह आहे आणि तिथे माणसे शेती करून राहतात. अधूनमधून आकाशातून एक प्रकारची सुते पडतात. ती जिथे पडतील तिथले पीक, झाड, जनावर, माणूस सारे फस्त होते. सुमारे ५० वर्षे हा मारा चालतो, आणि मग बहुधा २०० वर्षे शांततेची जातात. ही सुते हवेतच जाळून टाकायची, म्हणजे शेत वाचते. ते काम ड्रॅगन आणि त्यांचे स्वार करतात. विशिष्ट प्रकारचा दगड चावून खाल्ला, की ड्रॅगनला आग ओकता येते. शेतकऱ्यांनी धान्य द्यायचे, स्वारांनी रान राखायचे, असा हा करार. शांततेच्या काळात लोकांना ते धान्य जड वाटू लागते, हेही लेखिकेने दाखवले आहे. राखणदाराची किंमत पीक उभे असेपर्यंतच, हे आपल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

आता स्वार कसे व्हायचे ते ऐका. विझलेल्या ज्वालामुखीच्या विवरात, तापलेल्या वाळूवर अंडी ठेवलेली असतात. पांढरे अंगरखे घातलेली मुले-मुली त्यांच्याभोवती उभी राहतात. हे उमेदवार. अंडे फुटते, ओले, भुकेले पिल्लू धडपडत बाहेर येते आणि या मुलांकडे पाहत चालू लागते. ज्याच्यापाशी ते थांबेल, तो त्याचा स्वार. त्या क्षणी दोघांची मने जुळतात ती जन्मभरासाठी. स्वार मेला तर ड्रॅगन मागे राहत नाही. ध्यानात घ्या, माणूस ड्रॅगनची निवड करीत नाही, ड्रॅगन माणसाची निवड करतो. तिथे वडिलांचे वजन चालत नाही आणि चिठ्ठीही चालत नाही.

तुम्ही म्हणाल, ही झाली गोष्ट. खेळ कुठे आला? सांगतो. १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ निघाला. त्यात प्रत्येकाने एक पात्र घ्यायचे आणि त्या पात्राच्या तोंडून बोलायचे. मुलांचा भातुकलीचा खेळच, पण मोठ्यांनी नियम करून खेळलेला. पुढे पर्नच्या वाचकांनीही मंडळे काढली. आधी पत्रांतून आणि हौशी नियतकालिकांतून, मग १९९०नंतर संगणकाच्या पडद्यावर हा खेळ चालू लागला. एकाने दोन ओळी लिहायच्या, दुसऱ्याने त्यांना जोडून पुढच्या लिहायच्या. कादंबरीतली मुख्य पात्रे घ्यायची नाहीत. आपले पात्र आपणच घडवायचे. त्याचे नाव, गाव, आईबाप, धंदा आणि मुख्य म्हणजे त्याचा एखादा दोष. सर्वगुणसंपन्न पात्र आणले तर जुने खेळाडू ते परत पाठवतात.

माझी एक भाची अशा एका मंडळात गेली. तिने पात्र रचले ते कोळ्याच्या मुलीचे, आणि तिचा दोष असा, की तिला पाण्याची भीती वाटते. तीन महिने ती पोर त्या काल्पनिक स्वयंपाकघरात कंदमुळे सोलत होती. तिचे वडील वैतागले. म्हणाले, “घरात कधी बटाटा सोलत नाही, आणि तिथे पोतीच्या पोती सोलते!” अखेर अंडी फुटायचा दिवस आला. रात्री उशिरा तिचा मला फोन. म्हणाली, “मामा, अंडी संपली.”

मी म्हटले, “अगं, खेळच ना तो?”

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “खेळ आहे ते मला कळतं. पण वाळूवर मीच उभी होते ना.”

श्रोतेहो, मला तिला उत्तर देता आले नाही. मी शिक्षक आहे. वीस वर्षे मी नाटकासाठी, वक्तृत्वासाठी मुलांची निवड करीत आलो आहे. निवडलेल्यांची नावे फळ्यावर लावली, की माझे काम संपले असे मी समजत असे. एका वर्षी एक मुलगा यादी लावायची म्हणून शेवटची एस. टी. चुकवून थांबला होता. त्याने यादी वरून खाली वाचली, पुन्हा खालून वर वाचली आणि पिशवी उचलून तो चालू लागला. मी खोलीच्या दारातून हे पाहिले. हाक मारली नाही. तो घरी कसा गेला, हेही मी विचारले नाही. भाचीच्या त्या एका वाक्याने तो मुलगा माझ्यासमोर पुन्हा उभा राहिला.

त्या मंडळाने मात्र काय केले पाहा. दुसऱ्याच दिवशी तिला निरोप आला. स्वयंपाकघराच्या म्हाताऱ्या मुकादमिणीचे पात्र जो कोणी रंगवीत होता, त्याने लिहिले होते : “पिल्लांची भूक आवरत नाही. उद्या पहाटे मांस कापायला ये. सुरी तुझी तू आण.” बस्स, एवढेच. सांत्वन नाही, उपदेश नाही. तिला काम दिले. वाळूवरून रिकाम्या हातांनी परतलेला उमेदवार तिथे परका होत नाही. तो काम करीत राहतो, आणि पुढल्या खेपेला पुन्हा उभा राहू शकतो.

आणि ज्यांची निवड झाली, त्यांना काय मिळाले? दुसऱ्या दिवशी आकाशात भरारी? छे! शिकाऊ स्वाराला कित्येक महिने पाठीवर बसायलाच मिळत नाही. पिल्लाला हाताने घास भरवायचा, त्याचे अंग धुवायचे, वाढत्या कातडीला भेगा पडू नयेत म्हणून तेल चोळायचे, त्याच्याशेजारीच झोपायचे. खोंड गाडीला जुंपण्याआधी आपला शेतकरी त्याच्या अंगावरून महिनोन् महिने हात फिरवतो, तसेच हे. शेवटी येते ती सर्वांत अवघड विद्या. ड्रॅगन एका ठिकाणाहून नाहीसा होऊन दुसऱ्या ठिकाणी निघतो. मधला प्रदेश काळाकुट्ट आणि गोठवणारा. जायचे तिथले चित्र स्वाराच्या मनात लख्ख पाहिजे. ते पुसट असेल, तर दोघेही परत येत नाहीत. फळ्यापुढे उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी ही गोष्ट आहे. जे आपल्याच मनात स्पष्ट नाही, तिथे आपण वर्गाला कसे नेणार?

या खेळात वेळ फार जातो, हे खरे. अभ्यास बाजूला टाकून कोणी त्यात बुडाला, तर त्याला बाहेर ओढलेच पाहिजे. पण निवड आपल्या हाती नसते, तयारी आणि सेवा मात्र आपल्या हाती असतात, हे ज्या खेळातून कळते, त्याला पोरखेळ म्हणून मी आता हसत नाही. माझ्या यादीखाली हल्ली आणखी एक ओळ असते : ‘बाकीच्यांनी उद्या चार वाजता यावे, काम आहे.’ पडदा ओढायला, संहिता धरायला, दिवे सांभाळायला माणसे लागतातच. सगळे येत नाहीत. जे येतात, त्यांतले काही पुढच्या वर्षी रंगमंचावर दिसतात.

भाचीचे सांगायचे राहिलेच. ती पुढच्या खेपेला पुन्हा वाळूवर उभी राहिली. सगळ्यांना हवी असते ती सोनेरी राणी किंवा कांस्यवर्णी नर. हिच्यापाशी येऊन थांबले ते हिरव्या रंगाचे, सर्वांत लहान जातीचे मादी पिल्लू. मी अभिनंदन करायला फोन केला, तर म्हणाली, “मामा, नंतर बोलू. तिच्या अंगाला तेल लावायचंय.”